तळमजल्यावरचं पाळणाघर

नोकरीच्या मुलाखतीला मी लेकीला कडेवर घेऊन गेले होते. ठरवून नाही. त्या दिवशी सकाळी आईचा गुडघा इतका सुजला की तिला पलंगावरून उतरता येईना, आणि नवरा पहिल्या पाळीला कारखान्यात गेलेला. शेजारच्या काकूंकडे ठेवावं म्हटलं तर लेक त्यांच्या दारातच रडायला लागली. शेवटी एका खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि एका कडेवर ती, अशी मी रायपूरच्या बुढापारा भागातल्या आमच्या गल्लीतून बाहेर पडले, ई-रिक्षा पकडली आणि शंकर नगरला पोचले.

पुण्याहून रायपूरला येऊन आम्हाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. रायपूर माझं माहेर. बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे. रेल्वेच्या नोकरीने त्यांना इकडे आणलं आणि मग ते इथलेच झाले. ते गेल्यावर आई बुढापाऱ्याच्या घरात एकटी होती. नवऱ्याला शहराबाहेरच्या एका स्टील कारखान्यात चांगली जागा मिळाली, तेव्हा आम्ही तिच्याकडेच राहायला आलो. पुण्यात मी एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम कुठे मोडतो ते शोधून काढायचं, हेच माझं काम, आणि मला ते मनापासून आवडायचं. काही महिने कंपनीने घरून काम करू दिलं, मग सगळ्यांना परत ऑफिसात बोलावलं. मी राजीनामा दिला. लोक विचारायचे, आता काय करतेस, तर मी सांगायचे की सध्या काही नाही. ते ‘सध्या’ लांबत चाललं होतं.

शंकर नगरचं ते ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं. खाली एक बंद पडलेलं दुकान, शटर गंजलेलं. वर जोडे बाहेर काढून आत जायचं. आत एक कूलर आणि संगणकांसमोर बसलेली मोजकीच मुलं. मालक माझ्याहून वयाने लहान, पण सगळे त्याला भैया म्हणत. पुढे मीही म्हणायला लागले. त्याचे वडील भाटापाऱ्याला एका राईस मिलमध्ये मुनीम होते. तो स्वतः बंगळुरूला नोकरी करून परत आलेला. मिलमध्ये किती धान आलं, किती तांदूळ निघाला, किती पोती गेली आणि किती परत आली, हे सगळं सांभाळणारा प्रोग्राम त्याने बनवला होता आणि तो मिलवाल्यांना विकत होता.

कडेवरची लेक पाहून तो थोडा गोंधळला. मग एक बिघडलेला कीबोर्ड शोधून त्याने तिच्यासमोर ठेवला आणि मला म्हणाला, प्रोग्राम पाहा, काय वाटतं ते सांगा. मी मांडीवर लेक घेऊनच बसले. पहिल्यांदा मी काय केलं, तर दिलेल्या पोत्यांपेक्षा परत आलेली पोती जास्त लिहून पाहिली. प्रोग्रामने ती निमूटपणे घेतली. मग मी धान यायच्या आधीच तांदूळ पाठवून पाहिला. तोही त्याने पाठवला.

भैया खुर्ची ओढून जवळ आला आणि हसला. “हव, ये तो मिलवाले रोज करेंगे,” तो म्हणाला. ‘हव’ म्हणजे इकडचं ‘हो’. सोमवारपासून या, असं त्याने तिथल्या तिथेच सांगितलं. मी लेकीकडे बोट दाखवून विचारलं की हिला कुठे ठेवू. त्याने एकदा ऑफिसभर नजर फिरवली. मग खरं तेच बोलला, की हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलाच नव्हता.

सुरुवातीला मी अर्धा दिवस ऑफिसला जायचे आणि उरलेलं काम घरी करायचे. मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेही जमेना. आईला उठवायचं, बसवायचं, लेकीला भरवायचं, आणि मधे ऑफिसचा फोन. त्याच दिवसांत रेल्वे कॉलनीतली मावशी आईला भेटायला आली. मावशी म्हणजे बाबांच्या वर्कशॉपमधल्या सोबत्याची बायको. त्यांचं गाव गोंदियाकडचं. आमच्याकडून दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे जायचा आणि बुद्धपौर्णिमेची खीर त्यांच्याकडून यायची, इतका जुना घरोबा. कॉलनीतली बालवाडी मावशीने कितीतरी वर्षं चालवली होती. बालवाडी बंद झाली आणि काकाही गेले, तेव्हापासून ती मुलाकडे राहत होती, रविवारी विहारात जायची आणि बाकीचे दिवस कसेतरी काढायची.

आईशी बोलता बोलता ती माझ्याकडेच बघत होती. मी एका हाताने टाइप करत होते आणि दुसऱ्या हाताला लेक लोंबकळत होती.

“काहून वं, असं किती दिवस चालवशील?” तिने विचारलं.

मी म्हटलं, मावशी, तूच सांभाळ ना हिला. मी सहज बोलले होते, पण तिने ते मनावर घेतलं. म्हणाली, “एकट्या पोट्टीले घरात सांभाळणं म्हणजे तिले कोंडून ठेवणं. अजून चार लेकरं आण, मग मी येते.”

दुसऱ्या दिवशी मी हे भैयाला सांगितलं. त्याचं पहिलं म्हणणं असं की आपण सॉफ्टवेअर बनवतो, बालवाडी कशाला काढायची. मी त्याला म्हटलं, तुमच्या ऑफिसातला एक मुलगा रोज दुपारी तीनला का पळतो ते माहीत आहे? त्याची बायको नर्स आहे, तिची ड्यूटी सुरू होते आणि घरी बाळ असतं. दुसरा काम सोडायचं म्हणतो आहे तेही त्याच कारणाने. अनुभवी माणूस रायपुरात टिकत नाही असं तुम्ही दर आठवड्याला म्हणता, पण माणूस कशाने टिकेल हे एकदा खाली उतरून बघा. खाली ते बंद दुकान होतंच. घरमालकाने ते फारशी खळखळ न करता दिलं.

मावशी जागा पाहायला आली ती आपल्या अटी घेऊनच. भैयाला तिचं मराठी समजत नव्हतं असं नाही, तरी ती हिंदीत बोलली. मला मात्र आधी आपल्या भाषेत सांगून ठेवलं होतं. “मी आया नाही. पगार बाकीच्यायसारखा पहिल्या तारखेले पाहिजे. अन् सोमवारच्या मीटिंगमध्ये मले बसवा. लेकरं खाली अन् मायबाप वर, तर खाली काय चाललं ते वरच्यायले कळलं पाहिजे.” भैयाने सगळं ऐकून ‘हव’ म्हटलं.

शटर रंगवलं, आतून जाळीचं दार बसवलं, जमिनीवर जाड सतरंज्या टाकल्या, लेकरांच्या हाताला येईल अशा उंचीवर एक नळ बसवला. आईबापांनी जाळीतून डोकावायचं नाही, हा मावशीचा पहिला नियम. मला तोच सगळ्यात जड गेला. पहिल्या आठवड्यात मी पाणी प्यायच्या निमित्ताने जिन्यात येऊन उभी राहायचे आणि कान देऊन ऐकायचे. एकदा मावशीने मला पकडलं. “तू वर जा,” ती म्हणाली. “तुले पाहिलं की ते रडते. नाही पाहिलं की खेळते.” मी वर गेले. हळूहळू खालचा गलका कानाला इतका सवयीचा झाला की तो थांबला की आम्हाला कळायचं, दुपार झाली, लेकरं झोपली.

घरी माझी लेक मराठीत विचारलेल्याला हिंदीतच उत्तर द्यायची. पाळणाघरात गेल्यावर एक दिवस तिने ताट सरकवून मला सांगितलं, “मले नको.” माझ्या नवऱ्याला हसू आवरेना. पुण्याची माझी मैत्रीण फोनवर म्हणाली, हे कसलं मराठी शिकवतेस. मी म्हटलं, इथलं.

शनिवारचं एकत्र येणं त्यानंतर सुरू झालं. भैयाच्या कॉलेजचे काही मित्र रायपुरातच राहून बंगळुरू-हैदराबादच्या कंपन्यांचं काम करायचे, आपापल्या घरातल्या एका खोलीत बसून. आपल्या धंद्यातल्या माणसाचं तोंड महिनोन् महिने दिसायचं नाही. भैयाने त्यांना शनिवारी सकाळी बोलावलं की या, काय बनवताय ते एकमेकांना दाखवू. आधी सगळे पुरुषच आले. मग पाळणाघर शनिवारीही उघडं असतं हे कळल्यावर बायका यायला लागल्या. कोणी नोकरी करणारी, कोणी सोडलेली, कोणी पुन्हा सुरू करावी की नाही अशा विचारात असलेली. लेकराला खाली सोडायचं, वर यायचं, मुर्रा, म्हणजे मुरमुरे, आणि चहा घ्यायचा आणि बोलायचं. एकाने दुसऱ्याला काम दिलं, कोणी कोणाला नवीन काही शिकवलं, कोणाला भागीदार मिळाला. कोणी भाषण केल्याचं मला आठवत नाही.

पुरानी बस्ती या जुन्या मोहल्ल्यातल्या एका घरची सून मात्र या शनिवारांमुळे आमच्यात आली नाही. ती आली ती फक्त मुलाला ठेवायला. घरी ती दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची आणि तिचा तीन वर्षांचा मुलगा त्यांची वह्यापुस्तकं फाडायचा. रोज दोन तास सोडून जायची. एक दिवस मावशी सोमवारच्या मीटिंगमध्ये म्हणाली की त्या लेकराची माय कॉम्प्युटरवाली आहे, हैदराबादला होती, तुम्हाला माहीत आहे का. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मावशीला ते कळलं कारण ती न्यायला आलेल्या प्रत्येक आईशी दारात उभी राहून बोलायची.

मी दुसऱ्या दिवशी तिला जिन्यात गाठलं. ती आधी टाळायलाच बघत होती. लग्नानंतर सगळं सुटलं, दीदी, आता काही आठवत नाही, असं म्हणाली. मी तिला वर नेऊन आमचा प्रोग्राम दाखवला, आणि कुठे अडलोय तेही सांगितलं. मिल गावात असते, इंटरनेट सारखं जातं, आणि ते गेलं की नोंदी हरवतात. ती उभ्यानेच वाचत राहिली. मग बसली. शिकवणीची वेळ टळून गेली तेव्हा दचकून उठली. पुढच्या महिन्यापासून ती आमच्याकडे कामाला आली.

तिच्या सासूबाईंना हे पटलं नव्हतं. नातू परक्या बाईजवळ दिवसभर राहणार, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. एका सकाळी त्या न सांगताच पाळणाघरात आल्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. सुनेचा चेहरा पार उतरला. मावशीने मात्र त्यांना आदराने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हटलं की बसा, दिवसभर बसा, काय चालतं ते बघा. त्या खरंच बसल्या. नातू त्यांना पाहून पळत आला, गळ्यात पडला आणि परत खेळायला गेला. हे त्यांना बहुतेक अपेक्षित नव्हतं. मावशीने त्यांच्यापुढे मटारच्या शेंगांची परात सरकवली. सोलता सोलता त्यांनी जवळ बसलेल्या एका मुलीला छत्तीसगढीत कोल्ह्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. बघता बघता सगळी लेकरं त्यांच्याभोवती गोळा झाली. वर काय चाललं आहे ते पाहायला त्या आल्याच नाहीत. जाताना मावशीला म्हणाल्या की मंगळवारी मला मंदिरातून यायला उशीर होतो, पण आले तर चालेल का. तेव्हापासून मंगळवारची गोष्ट त्यांची.

दिवाळीनंतर धान विकायला यायला लागतं आणि मिलांची खरी धावपळ सुरू होते. त्या वर्षी नेमक्या त्याच वेळी मिलांनी धानाची नोंद करायच्या सरकारी वेबसाइटची पद्धत बदलली आणि आमच्या प्रोग्राममधली माहिती तिकडे जाईना. मिलवाले फोनवर फोन करत होते. पुरानी बस्तीची ती सून आणि मी शेजारी शेजारी बसून काम करायचो. ती लिहायची, मी मोडायचे, ती परत लिहायची. त्याच धावपळीत घरमालक आले आणि म्हणाले की त्यांच्या पुतण्याला खाली मोबाईलचं दुकान काढायचं आहे, जागा रिकामी करावी लागेल. माणूस वाईट नव्हता. घरातल्याच मुलाला जागा हवी होती, त्यांनी तरी काय करायचं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये भैया पार थकलेला दिसत होता. तो म्हणाला की सीझन संपेपर्यंत पाळणाघर बंद ठेवू, मग बघू. मी बोलणारच होते, पण त्याआधी मावशी बोलली. ती मीटिंगमध्ये हिंदीत बोलायची, पण त्या दिवशी तिच्या तोंडून मराठीच निघालं.

“बंद करा,” ती शांतपणे म्हणाली. “पण मग वरचंही बंद करा. कारण खालचे लेकरं घरी गेले की वरचे मायबाप त्यांच्या मागंमागं जातील.”

भैयाला ते समजावून सांगावं लागलं नाही. पुरानी बस्तीच्या त्या सुनेने तेव्हाच सांगितलं की तिला हैदराबादहून बोलावणं आलं होतं आणि तिने नाही म्हणून कळवलं आहे. हे आम्हाला नवीन होतं. ती म्हणाली, “वहाँ जाकर पहले बच्चे के लिए भरोसे का घर ढूँढना पड़ेगा। यहाँ वो नीचे ही है।” भैयाने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, शनिवारी सगळ्यांना विचारू.

शनिवारी विचारलं. तोवर येणाऱ्यांत नुसते प्रोग्रामवाले राहिले नव्हते. मागच्या गल्लीत ऑफिस असलेली एक सीए यायची, पॅथॉलॉजी लॅब चालवणारं एक जोडपं यायचं. प्रत्येकाच्या घरी लेकरू होतं किंवा होणार होतं. जो तो म्हणाला, आम्हीही वाटा उचलू, जागा मिळू दे. जागा सुचवली ती मोबाईलवरचे खेळ बनवणाऱ्या एका मुलाने. त्याचं अजून लग्नही झालेलं नव्हतं. त्याचे आजोबा जवळच एका जुन्या बैठ्या घरात एकटे राहत होते. सिंचन विभागातून निवृत्त झालेले, मुलं बाहेरगावी. पुढे अंगण, अंगणात जांबाचं म्हणजे पेरूचं झाड. अर्धं घर नुसतं झाडून बंद ठेवलेलं.

आजोबांना भेटायला मी आणि मावशी गेलो. मला वाटलं होतं, गोंगाटाचं विचारतील. त्यांनी विचारलं की लेकरं किती वाजता येतात. नऊला, मावशी म्हणाली. ते म्हणाले की मग माझी पूजा साडेआठला होईल, तोवर फुलांना हात लावायचा नाही. जांब खुशाल खा. एवढीच त्यांची अट. पाळणाघर तिकडे हललं तो दिवस मला चांगला आठवतो. मोठी मुलं सतरंज्यांच्या गुंडाळ्या डोक्यावर घेऊन मिरवणुकीसारखी गल्लीतून चालली होती आणि पुढे मावशी, हातात तिचा स्टीलचा डबा. आमचं काम त्याच आठवड्यात मार्गी लागलं. मिलवाल्यांचे फोन थांबले, तेव्हा ऑफिसात इतकं शांत वाटलं की भैयाने सगळ्यांसाठी गरम जिलेबी मागवली.

आता ते घर आमचं एकट्याचं राहिलेलं नाही. आजूबाजूच्या कितीतरी ऑफिसांची लेकरं तिथे असतात. आमचा प्रोग्राम धमतरी आणि महासमुंदकडच्या मिलांतही चालतो. शिकाऊ म्हणून आलेल्या दोन मुली इथेच नोकरीला राहिल्या. त्यातल्या एकीने मला सांगितलं की तिच्या आईने तिला पुण्याला पाठवायची तयारी केली होती, पण इथे काम बघून ती म्हणाली, राहा. माझी लेक आता शाळेत जाते आणि शाळा सुटली की तिथेच येते. लहानांना ती नळावर हात धुवायला शिकवते आणि कोणी ऐकलं नाही तर मावशीच्या आवाजात दटावते. आईचा गुडघा बरा आहे. ती कधीकधी संध्याकाळी येऊन आजोबांशी रेल्वेच्या आणि धरणांच्या गप्पा मारत बसते. मला आता कोणी विचारलं की काय करतेस, तर सांगायला बराच वेळ लागतो.

मागच्या महिन्यात मावशी पहिल्यांदाच सुट्टीवर गेली, गोंदियाला बहिणीकडे, भाच्याच्या लग्नाला. तिच्या हाताखाली तयार झालेल्या दोघी जणी पाळणाघर सांभाळणार होत्या. जायच्या आदल्या दिवशी तिने त्यांना इतक्या सूचना दिल्या की त्या घाबरूनच गेल्या. मी तिला सकाळच्या गाडीत बसवून आले. दुपारी मी पाळणाघरात होते तेव्हा तिचा फोन आला, तो आम्ही हळू आवाजात स्पीकरवर लावला. तिने विचारलं, सगळे जेवले का, झोपले का, नवीन आलेला छोटा रडला का. तिथल्या मुलीने सांगितलं की सगळे जेवले, सगळे झोपले, छोटा अजिबात रडला नाही.

मावशीने तेच पुन्हा एकदा विचारलं आणि तेच उत्तर मिळालं. मग मावशी म्हणाली, “जरासा तरी रडला असंल,” आणि फोन ठेवला.